दवंडी आणि वर्गणी: वीस ओळींच्या एका लायब्ररीचा इतिहास

"इव्हेंट्सवर पीएचडी करतेय" असं सांगितलं की आमच्या नात्यातल्या निम्म्या लोकांना वाटतं, मी लग्नाचे हॉल आणि केटरिंग यांवर संशोधन करतेय. एका मावशींनी तर ओळखीतल्या डेकोरेटरचा नंबरही पाठवून दिला. उरलेले निम्मे "हो का, छान" म्हणून विषय बदलतात. म्हणून आज ठरवलंय की माझ्या संशोधनाच्या मुळाशी असलेली गोष्ट नीट, पहिल्यापासून सांगायची. तुम्ही प्रोग्रॅमिंग करत असाल तर यातला काही भाग माहितीचा असेल. करत नसाल तरी हरकत नाही, गणित कुठेच नाही.

सुरुवात एका फ्रीझरपासून होते. मी मूळची फिजिक्सची. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्रोजेक्ट म्हणून शेजारच्या बायॉलॉजीच्या लॅबसाठी एक छोटी वस्तू बनवली होती. तिथे उणे ८० अंशांचा फ्रीझर होता, त्यात एक सेन्सर टाकला, बाजूच्या जुन्या पीसीवर एक वेबपेज सतत उघडं ठेवलं. पेजवर तापमानाचा आलेख दिसायचा, आणि तापमान उणे ६५ च्या वर गेलं की लॅबमधल्या चौघांना ईमेल जायचा. या सगळ्या भागांना एकमेकांशी जोडायला मी एक पिटुकली लायब्ररी वापरली होती. प्रकार 'पब्लिश-सबस्क्राइब', लाडाने पब-सब. सगळा कोड मिळून वीसेक ओळी. तपासलं, चाललं, मार्क मिळाले.

पुढच्या पावसाळ्यात एका शनिवारी रात्री लाइट गेली. परत आली तेव्हा पीसी आपोआप चालू झाला, पेज आपोआप उघडलं, पण फ्रीझरचा कॉम्प्रेसर ट्रिप झाला होता तो झालाच. रविवारभर आलेख शांतपणे वर चढत राहिला. ईमेल कुणालाच आला नाही. सोमवारी सकाळी आमच्या सीनियरने (आम्ही तिला नुसतं ताई म्हणायचो) दार उघडलं तेव्हा आत साध्या फ्रिजइतकं तापमान होतं. तिचे मातीचे नमुने त्यात होते. अख्ख्या एका पावसाळ्यात गोळा केलेले, आणि पावसाळा वर्षातून एकदाच येतो.

ताई मला एक शब्द बोलली नाही. ते जास्त लागलं.

कोडमध्ये चूक शोधायला बसले तर सापडेना. प्रत्येक ओळ बरोबर होती. शेवटी कागदावर क्रम मांडला तेव्हा कळलं. पेज उघडताच मुख्य फाइल लगेच सेन्सरचं पहिलं रीडिंग घ्यायची. लाइट येईपर्यंत तापमान आधीच उणे ६५ च्या वर गेलं होतं, त्यामुळे पहिल्याच रीडिंगला 'मर्यादा ओलांडली' असा संदेश प्रसिद्ध झाला. ईमेल पाठवणारा भाग वेगळ्या फाइलीत होता आणि ती फाइल नंतर लोड व्हायची. मधे जेमतेम अर्धा सेकंद. संदेश निघाला तेव्हा तो ऐकायला कोणी नव्हतं. ऐकणारा आला तेव्हा संदेश निघून गेला होता. आणि ओलांडायची ती मर्यादा एकदा ओलांडून झालेली, त्यामुळे पुन्हा तो संदेश निघायचं कारणच उरलं नाही. कुठे एरर नाही, कुठे लाल अक्षरं नाहीत.

हे असं का होऊ शकतं हे कळायला ती वीस ओळींची लायब्ररी आतून कशी असते ते बघावं लागेल. खरं तर सोपं आहे. एक वही समजा. वहीत प्रत्येक पानावर वर एका विषयाचं नाव, आणि खाली त्या विषयात रस असलेल्यांची यादी. 'सबस्क्राइब' म्हणजे त्या विषयाच्या पानावर आपलं नाव (म्हणजे एक फंक्शन) लिहिणं. 'अनसबस्क्राइब' म्हणजे नाव खोडणं. 'पब्लिश' म्हणजे ते पान उघडून वरून खाली एकेकाला हाक मारणं. बस. पान कोरं असेल तर हाक मारायला कोणी नाही, काम संपलं, पुढे चला.

याचा फायदा काय? समजा नाटकाची तिकिटं विकणारं पेज आहे. प्रेक्षकाने एका खुर्चीवर क्लिक केलं. आता खुर्चीचा रंग बदलायला हवा, एकूण रक्कम बदलायला हवी, दहा मिनिटांचं घड्याळ सुरू व्हायला हवं. क्लिक सांभाळणाऱ्या कोडने या तिघांना नावाने हाका मारल्या तर त्याला तिघांचीही ओळख ठेवावी लागते. उद्या चौथा भाग आला की त्या कोडला पुन्हा हात लावा. पब-सबमध्ये तो फक्त 'खुर्ची निवडली' एवढं प्रसिद्ध करतो. कोण ऐकतंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

नाव आहे प्रकाशन आणि वर्गणी. वर्गणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वर्तमानपत्र येतं. सकाळी पेपर दारात पडतो, तुम्ही दहाला उठलात तरी तो तिथेच असतो. पण ही लायब्ररी प्रत्यक्षात वागते दवंडीसारखी. हलगी वाजली, चावडीपाशी होते त्यांनी ऐकलं, शेतावर होते त्यांचं राहिलं. दवंडीवाला पुढच्या गावी गेला. आता हे वर्गणीचं नाव दवंडीला कसं चिकटलं? माझ्या मते त्याचं उत्तर इतिहासात आहे. ही कल्पना वेबवर येईपर्यंत तीन वेगवेगळ्या वाटांनी आली आणि वाटेत तिच्यातलं बरंच काही सांडलं.

पहिली वाट झेरॉक्स पार्कमधून येते. नॉर्वेचे त्रिग्वे रीनस्काउग १९७८-७९ मध्ये तिथे पाहुणे म्हणून गेले होते आणि त्यांनी एमव्हीसी ही रचना मांडली: माहिती एकीकडे, ती दाखवणारी खिडकी दुसरीकडे. माहिती बदलली की खिडकीला कळलं पाहिजे, पण माहितीला खिडकीची ओळख असता कामा नये. स्मॉलटॉक-८० या भाषेत याची सोय अशी होती की कुठल्याही ऑब्जेक्टने 'मी बदललो' म्हणायचं, आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्यांना 'अपडेट' असा निरोप जायचा. अवलंबितांच्या याद्या एका सामायिक कोशात ठेवलेल्या असत. आणि इथेच पहिलं दुखणं सुरू झालं. कोशात नाव लिहिलेलं असेपर्यंत ते ऑब्जेक्ट मेमरीतून जात नसे. खिडकी बंद केली तरी तिचं भूत कोशात बसून राही. म्हणून पुढे 'मॉडेल' नावाचा वेगळा वर्ग केला, जो आपली यादी आपल्यापाशीच ठेवायचा, म्हणजे तो गेला की यादीही गेली. वर्गणी बंद करायला विसरलेला वर्गणीदार हे दुखणं लक्षात ठेवा. ते या गोष्टीत पुन्हा पुन्हा येणार आहे.

दुसरी वाट कॉर्नेल विद्यापीठाची. केन बर्मन आणि थॉमस जोसेफ यांनी १९८७ मध्ये आयसिस या प्रणालीवर एक शोधनिबंध सादर केला. त्यांची चिंता एका संगणकाची नव्हती, अनेक संगणकांच्या जाळ्याची होती. आयसिसमध्ये 'न्यूज' नावाची एक सेवा होती. विषयाची नोंदणी करा, त्या विषयावरचे संदेश ज्या क्रमाने टाकले गेले त्याच क्रमाने तुम्हाला मिळतील. नेटन्यूजवरून, म्हणजे तेव्हाच्या चर्चागटांवरून घेतलेली कल्पना, फक्त वाचकाने येऊन बघायच्या ऐवजी बातमीने वाचकाकडे जायचं. पब-सबचा पहिला ठळक उल्लेख म्हणून याच निबंधाकडे बोट दाखवतात. मला यात महत्त्वाचं वाटतं ते 'त्याच क्रमाने' हे वचन. संदेश पोहोचवणं हा भाग सोपा होता, निम्मी यंत्रणा मोडली असतानाही क्रम सांभाळणं अवघड होतं, आणि त्यांची सगळी बुद्धी तिथे लागली होती.

तिसरी वाट शेअरबाजाराची, आणि इथे एक मुंबईकर भेटतो. विवेक रणदिवे, जन्म १९५७, मुंबईत वाढलेले, मग एमआयटीत शिकायला गेलेले. संगणकाच्या आत वेगवेगळी कार्डं एका सामायिक तारेवर, 'बस'वर, लावलेली असतात. तसंच सॉफ्टवेअरच्या भागांनाही एका बसवर का लावू नये, ही त्यांची धून. त्यातून टेक्नेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स ही कंपनी आणि 'द इन्फर्मेशन बस' हे उत्पादन आलं. व्यापाऱ्यांच्या टेबलावर तेव्हा प्रत्येक बातमीदार संस्थेचा वेगळा स्क्रीन असे. बसमुळे सगळे स्रोत एका ठिकाणी, विषयानुसार मागवता येऊ लागले. १९९४ मध्ये रॉयटर्सने कंपनी घेतली, १९९७ मध्ये त्यातूनच टिबको उभी राहिली. (बास्केटबॉल बघणाऱ्यांना रणदिवे हे नाव सॅक्रामेंटो किंग्जचे मालक म्हणून माहीत असेल. तेच हे.)

या बसवरचा १९९३ चा शोधनिबंध ब्रायन ओकी, मॅनफ्रेड फ्लूगल, ॲलेक्स सीगल आणि डेल स्कीन या चौघांचा आहे. मी तो दर वर्षी एकदा तरी वाचते. उदाहरण चिप बनवणाऱ्या कारखान्याचं आहे. विषयाचं नाव ठिपक्यांनी जोडलेलं, 'फॅब५.सीसी.लिथो८.थिक' अशा धर्तीचं: कारखाना, विभाग, यंत्र, मोजमाप. कोण पाठवतंय हे ऐकणाऱ्याला माहीत नसतं, कोण ऐकतंय हे पाठवणाऱ्याला. पण त्याच निबंधात दोन प्रकारच्या पोहोचवण्याची सोय आहे. एक साधी, सगळं सुरळीत असेल तर संदेश एकदाच आणि नीट पोहोचवणारी. दुसरी हमीची: संदेश पाठवण्याआधी डिस्कवर लिहून ठेवायचा आणि पोच मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवत राहायचा. म्हणजे दवंडी आणि रजिस्टर पोस्ट यांतला फरक त्यांना पुरता ठाऊक होता. कारखान्यात संदेश हरवला तर वेफरची अख्खी खेप वाया जाते. त्यांच्याकडेही 'फ्रीझर' होते असं म्हणा.

१९९४ मध्ये गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसाइड्स या चौकडीचं 'डिझाइन पॅटर्न्स' आलं. त्यात 'ऑब्झर्व्हर' नावाची रचना आहे आणि तिची टोपणनावं दिली आहेत, 'डिपेंडंट्स' आणि 'पब्लिश-सबस्क्राइब'. डिपेंडंट्स हे स्मॉलटॉकचं घरचं नाव. पण त्याच्या शेजारी पब्लिश-सबस्क्राइब लिहिल्यावर एका प्रोग्रॅमच्या आतली यादी आणि अख्ख्या जाळ्यावरची बस या दोन गोष्टी एकाच नावाखाली नांदू लागल्या. पुस्तक प्रचंड वाचलं गेलं. घोटाळ्याचं सगळं खापर मी या एका ओळीवर फोडणार नाही, पण थोडं फोडते.

आता वेबकडे येऊ. १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट आली तेव्हा बटणावर क्लिक झालं की काय करायचं ते बटणाच्या टॅगमध्येच लिहायचं. एका बटणाला एकच ऐकणारा. २००० च्या नोव्हेंबरमध्ये डब्ल्यूथ्रीसीने 'ॲडइव्हेंटलिसनर' प्रमाण केलं आणि एका घटनेला कितीही ऐकणारे जोडता येऊ लागले. पण इंटरनेट एक्सप्लोररचं स्वतःचं 'अटॅचइव्हेंट' होतं, ते थोडं वेगळं वागायचं, आणि एक्सप्लोररने प्रमाण पद्धत स्वीकारायला २०११ साल उजाडलं. मधली दहा-अकरा वर्षं प्रत्येक वेबप्रोग्रॅमरच्या खिशात या दोघांना सांधणारं एक फंक्शन असायचं. २००५ मध्ये पीटर-पॉल कॉख यांनी असं फंक्शन लिहिण्याची चक्क स्पर्धा घेतली. जिंकला जॉन रेसिग नावाचा मुलगा. त्यानेच जानेवारी २००६ मध्ये जेक्वेरी जगासमोर आणली.

त्याच एक्सप्लोररमध्ये जुनं दुखणंही परत आलं. पेजवरचे घटक आणि जावास्क्रिप्टची ऑब्जेक्ट्स यांची साफसफाई करणाऱ्या यंत्रणा वेगवेगळ्या. बटण फंक्शनला धरून, फंक्शन बटणाला धरून, दोघांपैकी कोणीच सुटत नाही आणि मेमरी गळत राहते. स्मॉलटॉकच्या कोशातलं भूत, नवीन घरात.

घटना क्लिकच्या असोत की कीबोर्डच्या, तोवर त्या पेजवरच्या कुठल्या तरी घटकाला बांधलेल्या होत्या. जीमेल, गूगल मॅप्स आले आणि एकाच पेजवर अख्खा प्रोग्रॅम चालू लागला तेव्हा 'खुर्ची निवडली' यासारख्या, कुठल्याही घटकाच्या नसलेल्या घटनांची गरज पडली. डोजो या लायब्ररीत पब्लिश आणि सबस्क्राइब होतंच. पीटर हिगिन्सने ते उचलून जेक्वेरीसाठी छोटं प्लगिन केलं. मग बेन अल्मनने त्याहून छोटं केलं, 'टायनी पबसब'. त्याची युक्ती मला आजही आवडते. जेक्वेरीला घटना कशा सांभाळायच्या ते येतंच. मग एक रिकामं ऑब्जेक्ट घ्या, ते जेक्वेरीत गुंडाळा, आणि तिच्याच 'ऑन', 'ऑफ', 'ट्रिगर' यांना सबस्क्राइब, अनसबस्क्राइब, पब्लिश अशी नावं द्या. नवीन काही लिहायचंच नाही, जे आहे त्याला पाट्या लावायच्या.

फुकटच्या वस्तूसोबत तिच्या सवयीही येतात. जेक्वेरी प्रत्येक ऐकणाऱ्याला पहिल्यांदा स्वतःचं इव्हेंट ऑब्जेक्ट देते, म्हणून टायनी पबसब वापरणाऱ्या सगळ्यांच्या फंक्शनमध्ये पहिला रकाना दुर्लक्ष करायचा म्हणून एक अंडरस्कोर असायचा. जेक्वेरीत नावातल्या ठिपक्याला वेगळा अर्थ, म्हणून विषयांची नावं ठिपक्यांऐवजी तिरक्या रेघांनी लिहायची. मी कोड शिकले तेव्हा हे दोन्ही संस्कार निमूटपणे केले. का करायचे ते कळलं खूप नंतर.

साधारण २०१० ते २०१२ ही या छोट्या लायब्रऱ्यांची भरभराट. मॉर्गन रॉडरिकची पबसबजेएस आली, जेरेमी अश्केनाझच्या बॅकबोनमध्ये 'इव्हेंट्स' हा पायाच होता, सर्व्हरच्या बाजूला नोडमध्ये 'इव्हेंटएमिटर'. ॲडी ऑस्मानी यांच्या लेखांनी मोठ्या प्रोग्रॅमचे भाग सुटे कसे ठेवायचे हे शिकवलं आणि पब-सब हा त्यातला हुकमी एक्का होता. किती कमी बाइट्समध्ये बसते यावर चढाओढ. यातल्या बहुतेक लायब्रऱ्या आतून ती वहीच. पण वहीची हाताळणी कशी, यावर बरंच काही अवलंबून असतं. दोनच उदाहरणं देते.

यादी वाचत असतानाच एखाद्याने आपलं नाव खोडलं तर? तिसऱ्याने स्वतःला काढलं की चौथा तिसऱ्या जागी सरकतो, आणि वाचणारा चौथ्या जागेकडे गेलेला असतो. एकाची हाक चुकते. उपाय एका ओळीचा: आधी यादीची प्रत काढा, मग प्रत वाचा. जेसन मिलरच्या 'मिट'मध्ये, जी फक्त दोनशे बाइट्सच्या आसपास आहे, ही ओळ आहे. मी स्वतः लिहिलेल्या पहिल्या आवृत्तीत नव्हती.

दुसरं, ऐकणाऱ्यांपैकी एकाच्या फंक्शनमध्ये चूक झाली तर? साध्या वहीत तिथेच सगळं थांबतं, त्याच्या खालच्यांना हाकच जात नाही. डीन एडवर्ड्स यांनी २००९ मध्ये हे नेमकं दाखवून दिलं होतं: ब्राउझरच्या स्वतःच्या घटनांमध्ये एक ऐकणारा कोसळला तरी बाकीच्यांना निरोप मिळतो, लोकप्रिय लायब्रऱ्यांच्या घरगुती घटनांमध्ये मिळत नाही. पबसबजेएसने हे मनावर घेतलं. ती संदेश लगेच न देता थोड्या वेळाने, वेगळ्या फेरीत देते, आणि एकाची चूक दुसऱ्याला बाधू देत नाही. बहुतेकांनी घेतलं नाही. दोनशे बाइट्समध्ये काय काय बसवणार?

आणि भूत? ते बॅकबोनमध्ये इतकं बोकाळलं की लोक त्याला झोंबीच म्हणू लागले. पडद्यावरून काढून टाकलेला भाग यादीत नाव असल्यामुळे जिवंत राही, आणि एका क्लिकवर काम दोनदा, तीनदा होई. २०१२ च्या शेवटी बॅकबोनने 'लिसनटू' आणलं: कोण कोणाचं ऐकतंय याची नोंद ऐकणाऱ्यापाशीच, म्हणजे तो जाताना स्वतःच्या सगळ्या वर्गण्या एका फटक्यात बंद करू शकतो. नोडने वेगळा मार्ग घेतला, एका घटनेला दहाहून जास्त ऐकणारे झाले की इशारा देतो, बाबा रे, गळती तर नाही ना?

मग लाट ओसरली. फेसबुकने २०१४ मध्ये 'फ्लक्स' मांडलं तेव्हा त्यांनी सांगितलेला किस्सा प्रसिद्ध आहे: चॅटच्या चिन्हावर न वाचलेल्या संदेशाचा आकडा दिसायचा, उघडलं तर नवीन संदेश काहीच नाही, दुरुस्त केलं तरी काही दिवसांनी परत. एका बदलातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा अशी साखळी लागत होती. त्यांच्या 'डिस्पॅचर'मध्ये म्हणून विषयच नाहीत, प्रत्येक संदेश प्रत्येकाला जातो, कोणी कोणासाठी थांबायचं ते सांगता येतं, आणि एक संदेश वाटून होईपर्यंत दुसरा सुरू करायला बंदी. क्रम! आयसिसवाल्यांनी १९८७ मध्ये ज्यासाठी जिवाचं रान केलं तोच. २०२० मध्ये व्ह्यू ३ ने तर आपल्या ऑब्जेक्टवरची 'ऑन-ऑफ' सोय काढूनच टाकली, हवी असेल तर मिट किंवा तसलं काही बाहेरून आणा म्हणून सांगितलं.

माझ्या फ्रीझरची किल्ली मात्र मला २००३ च्या एका सर्वेक्षण-निबंधात सापडली. युगस्टर, फेल्बर, गेराऊई आणि केरमारेक या चौघांनी लिहिलेला, पब-सबच्या अनेक चेहऱ्यांवर. ते म्हणतात, पब-सब तीन बाबतींत सुटका देतं. जागेची सुटका: एकमेकांना ओळखायची गरज नाही. काळाची सुटका: दोघांनी एकाच वेळी हजर असायची गरज नाही. तालाची सुटका: एकाने दुसऱ्यासाठी थांबायची गरज नाही. हे वाचल्यावर मी माझी वीस ओळींची लायब्ररी शेजारी ठेवली. जागेची सुटका? आहे. तालाची? नाही, पब्लिश केलं की सगळे ऐकणारे आटपेपर्यंत पुढची ओळ चालत नाही. काळाची? अजिबात नाही. तीनपैकी एक. नाव मात्र पूर्ण तिघांचं.

काळाची सुटका अशक्य होती असंही नाही. १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनवरची उपकरणं उपग्रहाच्या महागड्या, तुटक्या जोडणीवरून ऐकता यावीत म्हणून एमक्यूटीटी केलं. त्यात संदेशाला 'राखून ठेव' अशी खूण करता येते. उशिरा आलेल्या वर्गणीदाराला त्या विषयावरचा शेवटचा राखलेला संदेश लगेच मिळतो. आणि मला सगळ्यात झोंबलेली गोष्ट ही की उपाय माझ्या नाकासमोर होता. नोव्हेंबर २०११ च्या जेक्वेरी १.७ मध्ये 'ऑन' आणि 'ऑफ' आले, ज्यांवर टायनी पबसबची पुढची आवृत्ती उभी आहे. त्याच १.७ मध्ये 'कॉलबॅक्स' नावाची आणखी एक वस्तू आली, आणि तिला 'मेमरी' असा एक शब्द दिला की ती उशिरा येणाऱ्याला शेवटचा निरोप आपणहून सांगते. एकाच डब्यात दवंडीही होती आणि दारात टाकलेला पेपरही. मी दवंडी उचलली, कारण ती लहान होती आणि सगळे तीच उचलत होते.

सध्या माझं काम या हरवलेल्या दोन सुटकांवर चाललंय. मी एक साधन बनवतेय, जे वेबप्रोग्रॅम चालू असताना वहीवर नजर ठेवतं: कोणाचं नाव लिहिलं गेलं पण कधीच खोडलं नाही, आणि कुठला संदेश कोऱ्या पानावर प्रसिद्ध झाला. दुसरा प्रकार मोजायला सोपा आणि समजायला अवघड आहे, कारण कोणी ऐकत नसणं हे पुष्कळदा रास्तच असतं. घड्याळाचा भाग पेजवर नसेल तर 'खुर्ची निवडली' त्याने ऐकू नये हे बरोबरच. कोरं पान गुन्हा केव्हा आणि सहज केव्हा, हे कोडवरून ठरवता येतं का, हा माझ्या तिसऱ्या प्रकरणाचा प्रश्न आहे आणि माझे गाइड मला तोच प्रश्न दर गुरुवारी विचारतात.

फ्रीझरचा कोड मी त्याच आठवड्यात दुरुस्त केला होता. आधी घाईने दोन ओळी वाढवल्या: प्रत्येक विषयाचा शेवटचा संदेश वहीत जपायचा, नवा वर्गणीदार आला की त्याला द्यायचा. चारच दिवसांत त्याने उलटा त्रास दिला. ईमेलचा भाग बंद करून पुन्हा चालू केला की त्याला जुनं 'मर्यादा ओलांडली' मिळायचं आणि फ्रीझर उणे ८० वर शांत असताना चौघांना मध्यरात्री ईमेल. तेव्हा मग 'मर्यादा ओलांडली' ही घटना प्रसिद्ध करणंच बंद केलं. आता पेज दर मिनिटाला नुसतं तापमान प्रसिद्ध करतं, आणि ते धोक्याचं आहे की नाही हे ईमेलचा भाग दर वेळी स्वतः ठरवतो. अर्धा सेकंद उशिरा आला तर पुढच्या मिनिटाला त्याला कळतंच. शिवाय पाच मिनिटं काहीच ऐकू आलं नाही तरी तो ईमेल पाठवतो. आणि पीसीच बंद पडला तर? ही तिसरी शंका ताईची. तिने त्यासाठी दहा-बारा दुकानं हिंडून बॅटरीवर चालणारा एक भोंगा आणला आणि स्वतः फ्रीझरच्या दाराला लावला. पुढच्या जूनमध्ये ती पुन्हा नमुने घ्यायला गेली तेव्हा मी पिशव्यांवर लेबलं लावायला सोबत गेले होते.